पद्मदिघीतली उपडी मडकी

१

शालुकडांग्याला परत आल्यापासून रामतनूची सकाळ ठरून गेली होती. उजाडताना उठायचं, कडुलिंबाची काडी चावत पद्मदिघीवर जायचं, त्या जुन्या तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून आंघोळ-संध्या उरकायची. घरी येऊन पिशीनं, म्हणजे आत्यानं, पाण्यात भिजत ठेवलेला कालचा भात मीठ-लिंबू लावून खायचा आणि मग पाठशाळेच्या भिंतीला लागायचं. भिंत तो स्वतः घालत होता. चिखल तुडवायला कोणी आलं तर आलं, नाही तर एकटा. काशीत तेरा वर्षं न्यायशास्त्र शिकून आलेला भट्टाचार्यांचा मुलगा गुडघाभर चिखलात कसा नाचतो, हे पाहायला मात्र लोक हमखास यायचे.

गावात पूर्वी साठ घरं होती. आता एकोणीस. रामतनू दहा वर्षांचा असताना मामाबरोबर काशीला गेला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पश्चिमेकडून बर्गी म्हणवले जाणारे लुटारू स्वार आले. मग ते दर वर्षी येत राहिले. भागीरथीच्या या काठावरची गावंच्या गावं उठून पलीकडच्या काठाला गेली. नवाबानं त्यांच्याशी तह केला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. लोक हळूहळू परतत होते, जळक्या खांबांवर नवं गवत शाकारत होते. रामतनूच्या मनात फार होतं. पाठशाळा उभी राहिली की आसपासच्या गावांतली मुलं येतील, मुलं आली की माणसं येतील, माणसं आली की तुती लागेल, माग चालतील. रोज संध्याकाळी तो हे सगळं पिशीला सांगायचा आणि पिशी भाजी निवडत हं हं म्हणायची.

दोन गोष्टी त्याला विचित्र वाटल्या होत्या. एक म्हणजे दिघीत एवढं पाणी असताना गावातली माणसं पहिल्या पायरीवर बसून लोट्यानं अंगावर घ्यायची. कोणी पाण्यात उतरत नसे. दुसरी म्हणजे पहाटे रुई माशांच्या पाठी पाण्यावर चमकायच्या, पण जाळं टाकायला कोणी येत नसे. मासे कोसभरावरून, अजय नदीवरून यायचे. काशीत तेरा वर्षं माशावाचून काढलेल्या माणसाला हे पाहवत नव्हतं. त्यानं ठरवून टाकलं, इतकी वर्षं पळापळ करून गाव आळशी झालं आहे.

नवव्या की दहाव्या दिवशी त्याला ते मडकं दिसलं. घाटापासून चाळीसेक हातांवर, कमळाच्या पानांत, उपडं. त्यात नवल काही नव्हतं. घरात कोणी गेलं की स्वयंपाकाची मडकी पाण्यात टाकतात, ती तरंगत राहतात. पश्चिमेचा वारा होता. कमळाची पानं एका अंगानं उलटत होती. शेवाळ, बांबूचा पाचोळा, त्याच्या हातून निसटलेली कडुलिंबाची काडी, सगळं पूर्वेच्या काठाकडे सरकत होतं.

मडकं जागचं हललं नाही.

त्यानं सूर्याला तीन वेळा अर्घ्य दिलं आणि पुन्हा पाहिलं. खाली खुंट असणार, तो मनाशी म्हणाला, आणि धोतर पिळून घरी आला.

२

घरात माणसं तीनच. रामतनू, त्याचे वडील दुर्लभ भट्टाचार्य आणि वडिलांची थोरली विधवा बहीण खेमंकरी, जिला तो पिशी म्हणायचा. घर नव्यानं बांधलेलं होतं. भिंतींना अजून ओल्या मातीचा वास होता. पण जोतं जुनंच होतं, त्यामुळे अंधारातही त्याचे पाय बरोबर वळायचे. इथे चूल, इथे आईची पेटी असायची, इथे तुळशीकडे जायचं दार.

बाबा ओट्यावर बसून असत. पूर्वी शिवाच्या देवळाची पूजा त्यांच्याकडे होती. देवळाचं छप्पर जळलं तेव्हापासून तीही थोडक्यात आटोपायची. त्यांची बसायची जागा अशी होती की दिघी पाठीला यायची. ऊन तोंडावर आलं तरी ते जागा बदलत नसत.

सवाष्णीनं तुळशीपुढे दिवा लावून तीनदा शंख फुंकायचा, ही बंगालातल्या प्रत्येक घरातली संध्याकाळ. रामतनूला आईची आठवण होती ती तीच. ओल्या केसांची, गाल फुगवलेली, शंख खाली ठेवल्यावर धाप लागून हसणारी. शालुकडांग्यात दिवे लागायचे. शंख एकाही घरातून वाजत नसे.

त्यानं पिशीला कारण विचारलं. पिशी म्हणाली, आपल्या गावात वाजवत नाहीत.

"कधीपासून?"

"तेरा वर्षं काशीत काय केलंस रे? नुसते प्रश्नच विचारायचे होते तर ते इथे बसूनही आले असते."

त्यानं आपल्यापुरतं अनुमान केलं. शंखाचा आवाज लांब जातो. स्वारांना गाव सापडू नये म्हणून लोकांनी तो बंद केला असणार. आता स्वार नाहीत, भीती मात्र राहिली आहे. कारण गेलं, कार्य उरलं. हे दुरुस्त करता येईल. त्याच्या यादीत तुतीच्या खाली त्यानं शंख घातला.

पण तो मुळात आला होता वेगळ्याच कामासाठी. काशीत असताना बाबांचं एकच पत्र आलं होतं, त्यात एकच ओळ कामाची होती: तुझी आई सापडत नाही. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग कुशगवताची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा आणि श्राद्ध करायचं, असं शास्त्र आहे. तोवर त्या माणसाला ना इथे जागा, ना तिथे. या वैशाखात बारा वर्षं भरत होती. आईची सुटका मुलानं करायची, त्यासाठीच मुलगा असतो, असं रामतनूला मनापासून वाटत होतं.

त्यानं ओट्यावर बाबांपुढे बसून सांगितलं, येत्या अमावास्येला करू या.

बाबा म्हणाले, "ती गेली, असं कोण म्हणालं?"

"मग कुठे आहे?"

बाबांनी आपला पाट उचलला आणि आत गेले. आतून त्यांचा आवाज आला.

"पाऊस येऊ दे आधी."

३

पाऊस येण्याचं नाव नव्हतं. वैशाखातली वादळं दुसरीकडे कुठे तरी पडून जात होती. दिघीचं पाणी दर दोन दिवसांनी एकेक पायरी खाली जात होतं. आता चार मडकी दिसत होती. मग सहा. सगळी उपडी, एका रांगेत नव्हे, पण एकमेकांपासून हाताच्या अंतरावर.

रामतनूनं कारणं काढली. खुंटांची रांग असेल. कोणे काळी मासेमारीसाठी रोवलेले बांबू, त्यांच्या टोकांवर मडकी घातली असतील. कारण पटण्यासारखं होतं, आणि ते पटल्यावर तो दोन दिवस बरा होता.

तिसऱ्या दिवशी तो संध्या करताना वाकला आणि त्याची नजर पाण्यालगत गेली. तरंगणारं मडकं पाण्याबरोबर खाली जातं. ही मडकी गेली नव्हती. मडक्याचा काठ आणि पाणी यांच्यात बोटभर फट होती.

फटीत काळं होतं. आतला काळोख, एवढंच.

दुसऱ्या दिवशी फट दोन बोटं झाली होती. त्या दिवसापासून रामतनू पहिल्या पायरीवर बसून लोट्यानं आंघोळ करू लागला. पाणी गढूळ झालंय, असं त्यानं पिशीला सांगितलं. पिशीनं विचारलं नव्हतं. ती एका पानात मूठभर मुरमुरे बांधत होती. ते ती रोज तिसऱ्या प्रहरी घाटावर ठेवून यायची. माशांना, असं म्हणायची.

त्या दुपारी तो बलाईकडे गेला. बलाई कुंभाराचं चाक दिघीच्या उत्तर काठावर होतं. तोही पाण्याकडे पाठ करून बसायचा, हे रामतनूच्या तेव्हा लक्षात आलं.

"या, दादाठाकूर," बलाई म्हणाला. तो रामतनूहून तीस वर्षांनी मोठा होता, पण ब्राह्मणाच्या मुलाला दादाठाकूरच म्हणायचा. "तुमच्या शास्त्रात म्हणे सगळं मडक्यावरच चालतं. मडकं आहे हे कसं कळतं, मडकं नाही हे कसं कळतं. तेरा वर्षं! माझा बाप मला तेरा दिवसांत मडकं करायला शिकला."

"शिकला नाही, शिकवलं," रामतनू हसून म्हणाला.

"बघा, शिकलात की."

रामतनूनं दिघीकडे हात केला आणि त्याला काकाच्या नात्यानं विचारलं, "बलाईखुडो, ती मडकी कोणाची?"

चाक फिरत होतं ते बलाईनं थांबवलं नाही. हातातली माती मात्र एका बाजूला कलंडली. "माझीच," तो म्हणाला. "या गावात मडकं म्हणजे माझंच."

मग त्यानं थोडं थोडं सांगितलं. स्वार येताहेत असं कळलं की पुरुष बांबूच्या बनात, नाही तर नदीकडे पळायचे. बायकांना एवढं पळता यायचं नाही, आणि सापडल्या तर काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बलाईनंच युक्ती काढली. काळी जुनी मडकी, बुडाजवळ करंगळीएवढं भोक. डोक्यावर उपडं घालायचं आणि हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाच्या सुतकाची मडकी तरंगताहेत. त्या उन्हाळ्यात तीनदा असं झालं. तीनदा सगळ्या सुखरूप बाहेर आल्या. बाहेर आल्यावर मडकं डोक्यावरून काढताना हसू यायचं, एकीचं तर अडकलंच होतं.

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा ते गेलेच नाहीत." बलाईनं माती पुन्हा मधोमध आणली. "घोड्यांना पाणी हवं होतं. दोन दिवस राहिले इथे, घाटावर. मी माझ्या विझलेल्या भट्टीत होतो, भोकातून दिसत होतं. घोडे धुतले, खोगिरं शिवली, भात शिजवला. वाईट असं काही करत नव्हते हो तेव्हा, आपल्यासारखेच बसले होते. त्यांच्यातला एक तापानं फणफणला होता. मिशा पिकलेला माणूस. त्याला पायरीवर निजवला होता आणि तो एकच शब्द सारखा म्हणत होता. आई, आई. त्यांच्या भाषेत काय असेल ते."

रामतनूला ठाऊक होतं. काशीत गुरूंच्या घरी दोन दक्षिणी विद्यार्थी होते. सात वर्षं तो त्यांच्या पंगतीला जेवला होता. त्यांतला एक ठेच लागली की तोच शब्द म्हणायचा. हे स्वार त्यांच्याच मुलखातले, हे त्याला फार उशिरा कळलं होतं.



"तो तसं म्हणत होता," बलाई म्हणाला, "आणि एक मडकं त्याच्याकडे वळलं. वीतभर सरकलंसुद्धा."

"मग?"

"मग मी डोळे मिटले, दादाठाकूर."

चाक आता थांबलं होतं. थोड्या वेळानं बलाई आपणहून म्हणाला की नऊ जणी होत्या, त्यांत त्याची बायको होती. नंतर दिघीत कोणी जाळं टाकलं नाही. गेल्या साली पाऊस लवकर आला, त्याच्या आधीच्या सालीही. एवढं खाली पाणी कधी गेलं नव्हतं.

४

अमावास्या चार दिवसांवर आली. रामतनूनं नदीकाठावरून कुश कापून आणला. बाबांची संमती नव्हती, पण आता ती मागायची गरज उरली नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आई कुठे गेली ते कळलं होतं. पाण्यात बुडालेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर प्रतिमाच करतात. खुंटांवर जुनी मडकी आहेत, त्यांचं कोणी काही केलं नाही म्हणून ती तशीच आहेत. बाकी माणसाच्या मनाचे खेळ. तो असं रोज दोनदा तरी स्वतःला सांगत होता आणि सांगताना दिघीच्या बाजूची खिडकी लावून घेत होता.

आवाज त्याला प्रथम भर दुपारी ऐकू आला. बांबूचं पानही हलत नव्हतं. घागरीच्या तोंडावर वारा घासला की जसा घुमतो, तसा खालच्या पट्टीतला आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. माणूस श्वास घेतो तेवढ्या अंतरानं. त्यानं पिशीकडे पाहिलं. ती उखळात भात कांडत होती. आवाज सुरू झाला की तिचं कांडण थोडं जोरात व्हायचं.

प्रतिमेसाठी पळसाची पानं हवी होती म्हणून त्यानं आढ्यावरची टोपली काढली. टोपलीत, जुन्या लाल काठाच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला शंख होता. आईचाच. बाजूचा टवका त्याच्याच हातून उडाला होता, पाच वर्षांचा असताना. शंखाच्या तोंडात माती ठासून भरलेली होती. नुसती भरलेली नव्हती, दाबून, वरून बोटानं लिंपून घेतली होती. बोटाचे ठसे वाळून घट्ट झाले होते.

ते ठसे मोठे होते. पुरुषाचे.

त्यानं शंख पाण्यात भिजत घातला. माती सुटायला संध्याकाळ लागली. पिशीनं ते तपेलं पाहिलं आणि ती बाहेर गेली. त्या दिवशी तिनं मुरमुरे दुप्पट नेले.

५

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी कुशाची प्रतिमा तयार झाली. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांच्या जागी पळसाच्या पानांच्या जुड्या. ओट्याच्या कोपऱ्यात ती आडवी ठेवली होती आणि बाबा तिच्याकडेही पाठ करून बसले होते.

रामतनूला वाटलं, उद्यापासून आई शास्त्रानं मेलेली. आज ती अजून या घरची सवाष्ण आहे. तिची एक संध्याकाळ राहिली आहे, ती तिच्यासारखी व्हावी. आणि गावालाही एकदा कळावं की आता घाबरायचं काही नाही. कोणी तरी पहिल्यांदा फुंकायला हवं. एकदा एका घरातून वाजला की उद्या दुसऱ्या घरातून वाजेल. हे सगळं त्यानं मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्याला ते फार सुंदर वाटत होतं.

त्यानं तुळशीपुढे दिवा लावला. सूर्य बांबूंच्या मागे गेला होता, उजेड भरपूर होता. त्यानं शंख ओठांना लावला. पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग आवाज धरला, लांब आणि सरळ. दिघीवरून तो पलीकडच्या काठाला लागून परत आला.

तीनदा त्यानं शंख फुंकला.

गावातलं कांडण थांबलं. कुठे तरी गाईला हाका मारत होते, ते थांबलं. बलाईच्या चाकाचा घरघर आवाज थांबला. एवढी शांतता त्यानं या गावात ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत आणखी एक गोष्ट थांबली होती. तो घुमणारा आवाज.

पिशी दारात आली. तिच्या हातात पीठ होतं.

"किती वेळा फुंकलास?"

"तीन."

ती पायरीवर बसली. "तीनच होते," ती म्हणाली.

६

मग तिनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जणू उद्याच्या भाजीचं. बायका पाण्यात उतरल्या की तुझा बाप देवळाच्या छपराआड चढून बसायचा. स्वार दिसेनासे झाले की तीनदा शंख. तीन शंख म्हणजे गेले, बाहेर या. त्याशिवाय कोणीही, काहीही झालं तरी, मडकं काढायचं नाही, पाण्याबाहेर यायचं नाही. शेजारच्या गावात एक जण घाईनं बाहेर आली होती, तिचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तुझ्या आईनं तर बाकीच्यांकडून शपथ घेतली होती. चौथ्या वेळी शंख वाजलाच नाही.

रामतनूनं बाबांकडे पाहिलं. बाबा उभे राहिले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड दिघीकडे होतं.

"पहिल्या रात्री देवळाला आग लावली त्यांनी," बाबा म्हणाले. "मी उतरलो आणि पळालो. थांबलो तेव्हा गंगेच्या पलीकडे होतो. शंख हातातच होता."

"पण नंतर? परत आल्यावर? तीन वर्षं झाली, एकदा तरी..."

"वाजवला असता तर त्या बाहेर आल्या असत्या," पिशी म्हणाली. "मग त्यांना काय सांगायचं होतं आम्ही?"

घाटाच्या बाजूनं पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग पायरीवर ओलं पाऊल. मग दुसरं.

दिघीच्या आणि घराच्या मध्ये बांबूचं कुंपण होतं, खांद्याइतकं उंच. कुंपणाच्या वरून रामतनूला मडकी दिसली. बाईच्या डोक्याच्या उंचीवर, उपडी, एकामागून एक, सावकाश. ठेच लागू नये म्हणून माणूस अंधारात चालतो तशी. गावाच्या वाटेला लागल्यावर ती एकेक करून वेगळी झाली, ज्या त्या घराकडे. दारं उघडत होती. कोणी ओरडलं नाही. बलाई आपल्या चाकापाशी उभा होता, मातीनं भरलेले हात अंगापासून लांब धरून, जसे कुणाला मिठी मारताना कपडे खराब होऊ नयेत म्हणून धरतात.

जिथे घरं उरली नव्हती, तिथली मडकी वाटेतच थांबली होती.

एक मडकं त्यांच्या अंगणात वळलं. रामतनूला वर पाहवलं नाही. त्याला लाल काठ दिसला, चिखलानं काळा झालेला. मनगटातल्या शंखाच्या बांगड्या दिसल्या, पांढऱ्या स्वच्छ. त्या एकमेकींवर वाजत होत्या. दोन्ही हात पुढे पसरलेले होते आणि हवेत काहीतरी चाचपत होते.

ते हात त्याच्या छातीशी आले. बोटं ओली होती. त्यांनी त्याची छाती चाचपली, जरा खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तिथेच, छातीच्या उंचीवर, गोल फिरत राहिली. दहा वर्षांच्या मुलाचं डोकं जिथे असतं तिथे.

"मा," तो म्हणाला. त्याचा आवाज आता पुरुषाचा होता.

मडक्याच्या भोकातून श्वास आला आणि गेला. हात थोडा वेळ तसेच राहिले. मग वाटेतल्या खांबाला वळसा घालावा तसा तिनं त्याला वळसा घातला आणि ती ओट्याकडे गेली.

बाबा पायरी उतरून खाली आले होते. ती रामतनूला पाठमोरी होती. बाबांनी दोन्ही हातांनी मडकं धरलं आणि अलगद वर उचललं. रामतनूला फक्त बाबांचं तोंड दिसलं. ते पाहून त्यानं मान खाली घातली. बाबा म्हणाले, "गेले. कधीच गेले." आणि मग काही तरी आणखी, फार हळू, जे सांगायला त्यांना बारा वर्षं लागली होती.

रामतनूनं मान वर केली तेव्हा अंगणातून चुलीपर्यंत ओली पावलं गेली होती. चुलीपाशी ती संपत होती. पिशी चुलीकडे पाहत पिठाचे हात कपाळाला लावत होती.

बाबा मडकं काखेत घेऊन अंगणाबाहेर चालले होते, आंघोळीला निघालेल्या माणसासारखे. रामतनूला वाटलं, ते मडकं टाकून येतील. उजेड अजून होता. तो त्यांची वाट पाहत बसला.

७

सकाळी दिघीत एकही मडकं नव्हतं. जमिनीवर मडकं नाही हे आपल्याला कसं कळतं, यावर रामतनूनं काशीत एक सबंध वर्ष घालवलं होतं. ते इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

बाबा रात्री परतले नाहीत; त्यांच्यासाठी गावानं बारा वर्षांत पहिल्यांदा दिघीत जाळं टाकलं. दोन दिवस शोधलं. मासे निघाले, दुसरं काही नाही. पाणी छातीइतकंच होतं.

आईचं दहन त्यानं ठरल्या दिवशी केलं. कुश नीट जळला. त्या दिवशी गावात आणखी आठ प्रतिमा जळल्या. बलाईनं आपली प्रतिमा स्वतः केली आणि हातापायांची मापं बरोबर आली का, ते रामतनूला तीनदा विचारलं. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि दिघी आठवड्याभरात वरच्या पायरीपर्यंत भरली.

त्या भरल्या पाण्यात, घाटापासून चाळीसेक हातांवर, त्याला ते दिसलं. एक मडकं, उपडं. बाजूची पानं पूर्वेकडे सरकत होती.

पाठशाळा आता उभी राहिली आहे. आसपासच्या गावांतून मुलं येतात. संध्याकाळी शालुकडांग्यात घराघरांतून शंख वाजतो आणि सगळ्यांत शेवटी भट्टाचार्यांच्या घरचा. रामतनू घाटावर जाऊन, पाण्याच्या अगदी कडेला उभा राहून, तीनदा फुंकतो. मग थांबतो. मडकं वळत नाही. पिशी म्हणते, तुझ्या बापाला ऐकू येतं, पण तो विश्वास ठेवत नाही. ती मुरमुऱ्यांचं पान ठेवते आणि दोघं घरी येतात.

कुशाची प्रतिमा करता येईल, पण एवढ्यात नाही. बाबा हरवलेले आहेत, आणि हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते.